खिंडीच्या अलीकडे

१२ जून २०२४, बुधवार. मुक्काम लेह.
सकाळी दिल्लीहून विमानाने लेहला उतरलो. ऊन लख्ख, सावलीत मात्र कापरे भरते. हॉटेलचा जिना चढताना दोनदा थांबले. सहल कंपनीच्या मोहितने प्रत्येकाच्या बोटाला यंत्र लावून प्राणवायूचे आकडे टिपले. आज-उद्या पूर्ण विश्रांती, परवा खिंड. आंघोळ करायची नाही आणि सतत पाणी प्यायचे, असे बजावले आहे. दुपारी वरण-भात, कोबीची भाजी. माझे डोके जड. कौसल्याबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, काही नाही.

अनसूयाबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि पलीकडच्या पलंगाकडे पाहिलं. कौसल्याबाई पदर कानांवरून घट्ट ओढून भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन पलंगांच्या मधल्या खिडकीत प्लास्टिकची एक बाटली उभी होती. तिच्यातलं पाणी किंचित गढूळ होतं.

ते उजनीचं पाणी. उन्हाळ्यात धरण आटलं की पळसदेवचं पाण्यातलं जुनं देऊळ उघडं पडतं. त्या देवळाच्या पायरीशी वाकून कौसल्याबाईंनी ते स्वतः भरून घेतलं होतं. त्यांचा मुलगा रविराज लहानपणी उन्हाळाभर त्याच पायऱ्यांवर खेळायचा. तो सैन्यात गेला आणि पाच वर्षांपूर्वी इथेच, खिंडीपलीकडच्या डोंगरात वारला. पलीकडे रस्त्याच्या कडेला त्याच्या पलटणीने एक दगड उभारला होता आणि त्यावर त्याचं नाव होतं. त्या दगडावर हे पाणी ओतायचं, एवढ्याचसाठी पळसदेवची ही बाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती.

विमानात मात्र त्यांनी करमणूक केली होती. "बाई, एस्टीची खिडकी तरी उघडती," त्या खिडकीची काच चाचपत म्हणाल्या होत्या, "हितं जीव गुदमारला तर डायवरला हाक कशी मारायची?" पुढच्या रांगेतली माणसं हसली होती. आता त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

दोघींची ओळख सोळा वर्षांची. अनसूयाबाई बारामतीच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांचे यजमान रघुनाथराव कृषी खात्यात होते आणि पळसदेव भागात त्यांचं जाणं-येणं असायचं. एकदा त्यांनीच निरोप आणला, की तिथल्या एका शेतकऱ्याचा मुलगा अकरावीला बारामतीत येतोय, मागची खोली देऊया का. आठवड्याने दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर ज्वारीचं पोतं, मागे लाजलेला मुलगा. पोतं उतरवायला रघुनाथराव पुढे झाले, तर ती म्हणाली, "सायेब, तुमची कंबर जाईल. सरा." पोतं तिने स्वतःच्या हातांनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. खोलीचं भाडं घ्यायचं नाही हे रघुनाथरावांनी आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग माझ्या रानातली ज्वारी खायची. इकत आनायची न्हाय."

तेव्हापासून दर फाल्गुनात, मळणी झाली की पोतं यायचं. रविराज बारावी होऊन भरती झाला तरी येत राहिलं. रघुनाथराव गेले त्या वर्षीही आलं. रविराज गेला त्या वर्षी अनसूयाबाईंना वाटलं, यंदा नाही येणार. पण मुलाला जाऊन दोन महिने होत नाहीत तोच कौसल्याबाई पोतं घेऊन आल्या, ओट्याशी बसल्या, चहा घेतला आणि मागच्या खोलीचं दार उघडून थोडा वेळ आत उभ्या राहिल्या. त्या रात्री डायरीत अनसूयाबाईंनी लिहिलं होतं : ज्वारी आली. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये एका सिस्टरने त्यांना दहाव्या वर्षी शिकवलं होतं, की दिवसभरात काय घडलं ते लिहावं, काय वाटलं ते देवाला माहीत असतं. ती शिस्त त्यांनी कधी मोडली नव्हती.

लेहला जायचं ठरलं ते सर्जेरावांमुळे. सर्जेराव रविराजच्याच पलटणीतले. निवृत्त होऊन आता लोणी देवकरच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षक होते. दगडाचा पत्ता त्यांनीच दिला. गेणबा, म्हणजे कौसल्याबाईंचे मालक, यायला तयार झाले नाहीत. "तू जाऊन ये," ते म्हणाले, "मला दगूड बघायचा न्हाय." मग पुण्याच्या एका सहल कंपनीत दोन जागा घेतल्या आणि अनसूयाबाई सोबत निघाल्या.

निघण्याच्या आठवडाभर आधी सर्जेराव बारामतीला येऊन गेले होते. पाणी प्यायले, उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

"बाई, एक सांगतो. तितं आईला बोलू नका."

"काय ते?"

"रविराज शेवटच्या रजेवरनं आला तवा खोकला घरूनच घिऊन आलता. वर चडवायच्या आधी आमाला खाली ठेवत्यात, थोडं वर नेत्यात, परत ठेवत्यात. शरीराला सवय व्हावी म्हनून. रोज डाक्टर इचारतो, काय तरास हाय का. ह्यो म्हनला, काय न्हाय. सांगितलं आसतं तर खालीच ठेवला आसता. पर संगतीची पोरं वर चालल्याली, ह्याला मागं ऱ्हायचं नव्हतं. वर गेल्यावर छातीत पानी झालं. थुकीला गुलाबी फेस यायला लागला. बरफ पडत हुता, हेलिकाप्टर उतरना." ते थांबले. "डाक्टरनं इचारलं तवा मी शेजारीच हुतो, बाई. रातभर खोकायचा, मला ठाऊक हुतं."

अनसूयाबाईंनी त्यांना चहा करून दिला होता.

खोकला कुठून आला तेही त्यांना कळलं होतं, कारण कौसल्याबाई ती गोष्ट सगळ्यांना सांगत. त्या जानेवारीत रानातल्या मोटारीची वीज रात्रीच यायची, गेणबांचा गुडघा धरला होता, म्हणून कौसल्याबाईंनीच लेकाला म्हटलं होतं, तेवढं उसाला पाणी दे. "रजेवर आलेला, पर चार रात्री थंडीत हुभं ऱ्हाऊन समदा ऊस भिजिवला माझ्या पोरानं," त्या सांगायच्या. सांगताना चेहरा उजळायचा. मुलाची शेवटची आठवण तीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहित यंत्र घेऊन खोलीत आला. सहल कंपनीचा हा मुलगा पुण्याचा, बोलायला गोड, पण आकड्यांच्या बाबतीत कडक.

"मावशी, बोट द्या."

"दे बाबा," कौसल्याबाई म्हणाल्या. "डेअरीत दूध घातल्यावर फॅट बघत्यात तसंच हाय की हे. माझं किती लागलं?"

मोहित हसला नाही. "कमी लागलंय मावशी. गोळी घेतली का काल दिलेली?"

"घेतली."

"पाणी?"

"ढिगानं."

"डोकं दुखतंय? मळमळतंय? खोकला?"

"काय न्हाय," कौसल्याबाई म्हणाल्या.

मोहितने अनसूयाबाईंकडे पाहिलं. "आजी, तुमचा आकडा चांगला आहे. मावशींकडे लक्ष ठेवा. आणि मावशी, संध्याकाळी परत बघणार मी. तेव्हा असाच आला तर उद्या तुम्हाला इथेच ठेवावं लागेल."

तो गेल्यावर कौसल्याबाईंनी जरा दम घेतला. "ऐका. म्हनं आजीचा आकडा चांगला. तुमी काडीवानी, जिना चडताना धरावं लागतं. मी ऊस तोडून, मोळ्या वाहून म्हातारी झाले आन माझंच फॅट कमी."

"त्याचा ताकदीशी संबंध नसतो म्हणे. कुणाला सवय लवकर होते, कुणाला होतच नाही."

"मग माझ्या वाटचं कमी तुमाला लावायचं, देवाला कळत न्हाय."

दुपारी अनसूयाबाई हॉटेलच्या अंगणात उन्हाला बसल्या होत्या. कौसल्याबाई पाण्याची बाटली घेऊन आल्या, गुलाबाच्या आळ्याशी वाकल्या आणि बाटली शांतपणे रिकामी केली. माती आधीचीच ओली होती.

"सकाळपासून किती बाटल्या पाजल्या त्याला?"

कौसल्याबाई ओशाळल्या नाहीत. शेजारी बसल्या. बसताना खुर्चीची पाठ धरावी लागली. "बाई, परवासात बाईमानसानं पानी पिऊ न्हाय. पयल्यापासनं तसंच हाय आमचं. इंदापूरला एस्टीनं जायचं म्हनलं तरी सकाळधरनं घोट घेत न्हाय मी. गाडीतल्या समद्या बाप्यांदेखत डायवरला सांगायचं का, थांबीव म्हनून? उद्या दिसभर गाडी. डोंगरात ना आडोसा ना झाड."

"मोहितला सांगते मी. तो थांबवेल गाडी."

"त्या लेकराला सांगायचं? नातवाच्या वयाचा हाय."

"आणि गोळी?"

"त्या गोळीनं तर सारखंच जावं लागतंय म्हनं. ती पिशवीत हाय, टाकली न्हाय." त्या थोड्या थांबल्या. "एक दिस काडू द्या. दगडाला हात लावला की बादलीभर पिते, तुमच्यादेखत."

अनसूयाबाईंनी तिथेच बसून त्यांना दोन पेले पाणी प्यायला लावलं. दुसरा पेला संपवताना कौसल्याबाईंना ठसका लागला. ठसका गेला, खोकला मात्र मागे राहिला. कोरडा, बारीक. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि गुलाबाकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी मोहित आला तेव्हा कौसल्याबाई पांघरुणात होत्या. गरम चहाच्या पेल्याभोवती तळवे घट्ट धरून त्यांनी बोटं शेकून ठेवली होती. आकडा सकाळपेक्षा थोडा बरा आला. "बघू," मोहित म्हणाला. "सकाळी ठरवू."

तिसऱ्या दिवशी अनसूयाबाईंना जाग आली ती न्हाणीघरातल्या पाण्याच्या आवाजाने. बाहेर नुकतं उजाडलं होतं. कौसल्याबाई डोक्यावरून आंघोळ करून बाहेर आल्या. केस ओले, ओठ निळसर.

"कौसल्याबाई, आंघोळ नको म्हणून सांगितलं होतं ना. तेही गार पाण्याने?"

"पारोशानं कसं जायचं लेकाकडं?"

त्यांनी ट्रंकेतून जपून आणलेलं हिरवं लुगडं काढलं. निऱ्या घालायला घेतल्या, पण निऱ्या बोटांतून सुटत होत्या. पुन्हा घेतल्या, पुन्हा सुटल्या. चाळीस वर्षं डोळे मिटून लुगडं नेसणारी बाई भिंतीला खांदा लावून उभी होती आणि काय चुकतंय ते बघत होती. श्वास खोलीभर ऐकू येत होता. त्यात चुलीवर पाणी उकळायला लागावं तशी बारीक बुडबुड होती.

अनसूयाबाई मदतीला उठल्या. उशीजवळ चुरगाळून ठेवलेला टॉवेल खाली पडला. त्याचा कोपरा गुलाबी झाला होता.

त्यांनी तो उचलला. कौसल्याबाईंनी पाहिलं.

"मिसरीचा डाग हाय त्यो."

"मिश्रीचा डाग असा नसतो."

"बाई, टावेल हितं द्या."

"आज जायचं नाही, कौसल्याबाई."

कौसल्याबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. अर्ध्या नेसलेल्या लुगड्याचा घोळ मांडीवर होता. त्या हळू, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "दुपारपातूर पोचू. दगडाला हात लावते, पानी वतते. मग तुमी म्हनाल त्या दवाखान्यात पडते. तितनं फुडं काय बी हूं द्या. तवर गप ऱ्हावा. तुमाला रविराजची आन हाय."

खाली अंगणात गाड्या सुरू झाल्या होत्या. कुणीतरी सामान मोजत होतं. अनसूयाबाईंनी टॉवेलची घडी घातली. सर्जेरावांचं बोलणं त्यांच्या कानात होतं. मी शेजारीच हुतो, बाई.

त्यांनी शाल घेतली आणि कठडा धरून जिना उतरल्या. मोहित गाडीच्या टपावर बॅगा बांधून घेत होता. त्यांनी त्याला टॉवेल दाखवला.

पुढचं सगळं भराभर झालं. मोहितने आणि एका ड्रायव्हरने कौसल्याबाईंना खुर्चीत बसवून खाली आणलं. त्या झगडल्या नाहीत, झगडण्याइतका श्वास नव्हता. इस्पितळात नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढला. डॉक्टर तरुण होता, हिंदीत समजावून बोलला. फुप्फुसात पाणी साचतंय, वेळेवर आणलंत, खिंडीवर नेलं असतं तर परत आणता आलं नसतं. आता वर जायचं नाव नाही. उद्याच्या विमानाने खाली न्यायचं. पुन्हा इकडे कधी यावं का, असं अनसूयाबाईंनी विचारलं. त्याने मान हलवली. या वयात, एकदा हे झाल्यावर, त्याने सल्ला दिला नसता.

कौसल्याबाईंना हिंदी फारसं येत नव्हतं, पण मान हलवलेली त्यांनी पाहिली.

मोहित बाकीच्या मंडळींना घेऊन निघण्याआधी येऊन गेला. खाटेशी वाकून म्हणाला, "मावशी, बाटली माझ्याकडे द्या. मी ओततो दगडावर. फोटो काढून आणतो."

कौसल्याबाईंनी मुखवटा बाजूला केला. "परक्याच्या हातनं? ऱ्हाऊ दे बाळा. जा तू. गाडी खोळंबली आसंल."

तो गेला. दुपारपर्यंत कौसल्याबाईंच्या ओठांचा रंग परत आला. मग त्यांनी तोंड वळवलं.

"लिवा आता," त्या म्हणाल्या.

"काय लिहू?"

"तुमची वही. कौसल्याला झेपलं न्हाय म्हनून लिवा. आंगुळ केली, गोळी खाल्ली न्हाय, पानी झाडाला घातलं, समदं लिवा. तुमी लिवून मोकळ्या." खोकला आला, गेला. "एवढं बी लिवा, तिला जायाचं व्हतं."

अनसूयाबाई खाटेजवळ स्टुलावर बसल्या होत्या. एक वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. तुमचा मुलगाही असाच काही नाही म्हणाला होता, आणि शेजारचा माणूस गप्प राहिला होता. एवढं सांगितलं असतं तर या बाईला आजची सकाळ कळली असती. पण मग तिने विचारलं असतं, काय न्हाय म्हंजी काय व्हतं त्याला? आणि खोकला म्हटल्यावर ती त्या चार रात्रींपर्यंत, उसाच्या पाण्यापर्यंत, स्वतःच्या शब्दापर्यंत जाऊन पोचली असती.

"काय म्हनताय?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"काही नाही," अनसूयाबाई म्हणाल्या.

निघण्याची घाई झाली. पहाटे हॉटेलमधून सामान आणताना अनसूयाबाईंनीच दोन्ही बॅगा भरल्या. येताना ती बाटली ट्रंकेत, जुन्या लुगड्यात गुंडाळून आली होती. आता ट्रंक आधीच बांधून गाडीत गेली होती, म्हणून खिडकीतली बाटली त्यांनी कौसल्याबाईंच्या हातातल्या पिशवीत घातली. विमानतळावर पिशवी यंत्रातून गेली आणि तिथल्या जवानाने बाटली बाहेर काढली. बाटली आत नेता येणार नाही. हवं तर इथेच पिऊन टाका, माताजी, तो अदबीने म्हणाला. वयाने रविराजएवढाच असेल.

अनसूयाबाईंनी त्याला सांगायचा प्रयत्न केला. त्याने ऐकून घेतलं, वाईट वाटल्यासारखं केलं आणि मागच्या रांगेकडे पाहिलं.

कौसल्याबाईंनी बाटली हातात घेतली. झाकण उघडलं नाही. शेजारच्या पिंपात टाकून दिलेल्या बाटल्यांचा ढीग होता, त्यावर त्यांनी ती आडवी पडणार नाही अशी नीट उभी ठेवली. मग अनसूयाबाईंकडे एकदा पाहिलं आणि पुढे चालायला लागल्या.

पुण्याहून भाड्याच्या मोटारीने त्या निघाल्या. वाट वाकडी करून आधी पळसदेव घेतलं. महामार्गावरच्या फाट्यावर गेणबा उभे होते. त्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली आणि बायकोचा चेहरा न्याहाळला. "जाऊन आलीस?" त्यांनी विचारलं. कौसल्याबाईंनी खाली बघत पदर सारखा केला. मागे वळून त्या अनसूयाबाईंना एवढंच म्हणाल्या, "जपून जावा." पलीकडे उजनीचं पाणी खूप आत गेलं होतं आणि भेगाळलेल्या गाळात ते देऊळ उन्हात उभं होतं.

पुढे पाऊस झाला, धरण भरलं, देऊळ बुडालं. कौसल्याबाईंची तब्येत पूर्ववत झाली. हे कळायचं ते गेणबांकडून, कारण फोन तेच उचलायचे. ती शेरडं घेऊन गेलीया, ती खुरपायला गेलीया. दिवाळीला अनसूयाबाईंनी फोन केला तेव्हा मागे कौसल्याबाईंचा आवाज येत होता, त्या कुणाला तरी शेव वाढत होत्या. गेणबा म्हणाले, ती घरात न्हाय.

सर्जेराव एकदा येऊन गेले. "सांगून टाकू का तिला समदं?" त्यांनी विचारलं. "तुमच्यावर इनाकारन राग धरून बसलीया."

"नको," अनसूयाबाई म्हणाल्या. "माझ्यावरच राहू दे."

फेब्रुवारीच्या अखेरीस गेणबा बारामतीला बाजाराला आले. फाटकाशी थांबले, आत यायला तयार होईनात. शेवटी पायरीवर टेकले.

"बाई, तुमचं बरूबर व्हतं," ते म्हणाले. "हितला डाक्टर बी म्हनला, एक दिस उशीर झाला आसता तर गेली आसती. मी तिला सांगतो. ती म्हनती, मला जगवायचं बाईंनीच ठरीवलं, मला इचारलं न्हाय."

अनसूयाबाईंनी मान हलवली.

"रान कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"झ्याक. यंदा माळाची ज्वारी बख्खळ झालीया. परवाच मळून..." गेणबा मध्येच थांबले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. "चलतो. एस्टी चुकायची."

फाटक लावून अनसूयाबाई स्वयंपाकघरात आल्या. ज्वारीचा पत्र्याचा डबा तिरपा करून पाहिला. दिवाळीपासून त्या रात्रीची भाकरी सोडून पोळी खात होत्या, तरी तळ दिसायला लागला होता. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, ते त्यांनी ओढून घेतलं.

९ मार्च २०२५, रविवार.
ऊन वाढले. मागच्या खोलीची जाळी पुसली. विजेचे बिल आले. डब्यातली ज्वारी आज संपली. संध्याकाळी दुकानातून पाच किलो विकत आणली.